आधी उठायचं, मग खायचं

आमच्या ड्रिलमास्तरांना अंड्यांनी मारलं, असं औरंगपुऱ्यातली जुनी माणसं अजून हसत हसत सांगतात. किडनीचं पथ्य होतं, म्हातारपणी जीभ आवरली नाही, सून दाराची कडी लावायला विसरली, म्हातारा भर दुपारी पळाला आणि पैठण गेटला अंड्याच्या गाडीपाशी आडवा झाला. शाळेच्या परवाच्या मेळाव्यात एका माजी विद्यार्थ्यानं, तोही आता आजोबा झालेला, हीच गोष्ट माइकवरून रंगवून सांगितली. सभागृह हसलं. मास्तरांची सून तिसऱ्या रांगेत बसली होती. ती हसली नाही. पदर सावरून उठली आणि बाहेर निघून गेली.

ही गोष्ट पहिल्यांदा मी सांगितली होती, मास्तरांच्या शोकसभेत. लोक रडून थकले होते, त्यांना थोडं हसवावं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ती गोष्ट खोटी आहे. आज माझं वय मास्तरांच्या शेवटच्या वयाच्या पुढे गेलंय आणि खरं काय ते माहीत असलेला मी एकटाच उरलोय. म्हणून हे लिहितो.

मी शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा मास्तर तिथले जुने होते. मूळचे पिशोरचे. जमीन भावांनी सांभाळली, हे शहरात आले आणि निजामाच्या काळातच ड्रिल शिकले. मग पोलीस अॅक्शन झाली, शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली, पाटी बदलली, हेडमास्तर बदलले. मास्तरांचे हुकूम तेवढे बदलले नाहीत. ‘सावधान’ हा शब्द ते फक्त तपासणीच्या दिवशी वापरत. एरवी मैदानावरून ‘होशियार!’ अशी आरोळी उठायची आणि शेजारच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा ताठ व्हायची. हेडमास्तरांनी एकदा समज दिली, तेव्हा म्हणाले, “सावधान म्हणलं की पोरं बोहल्यावर चढल्यासारखी उभी राहतेत, साहेब. होशियार म्हणलं की जागी होतेत. मला जागी पाहिजेत.”

माणसांची नावं ते लक्षात ठेवत नसत, किंवा त्यांना ठेवायची नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “इषय कोणता तुमचा?”

“सायन्स.”

“मंग झालं. सायन्स!”

तेच माझं नाव झालं. भूगोलाच्या जोशीबुवांना ‘भूगोल’, गणिताच्या बाईंना ‘गणितबाई’. स्टाफरूममध्ये “भूगोल, जरा सरका,” “गणितबाई, चहा घेता का?” असं चालायचं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक तरी आहे का, अशी मला शंका यायची. पण ‘सायन्स’ म्हणताना त्यांच्या आवाजात एक मान असायचा. त्यांचं शिक्षण जेमतेम, आणि सायन्स म्हणजे कधी न चुकणारी गोष्ट, अशी त्यांची ठाम समजूत होती. रेडिओ बिघडला, विहिरीचं पाणी गढूळ झालं, नातवाला गोवर आला, की “सायन्सला इचारा.” मला ते आवडायचं. ते किती आवडायचं, हे मला फार उशिरा कळलं.

भेटल्यावर नमस्कार नाही, पंजा. हात पुढे करायचा, ते तो पकडायचे आणि आवळायला लागायचे. आपण “बस!” म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. जोशीबुवा त्यांना लांबून पाहिलं की दोन्ही हात धोतरात लपवायचे. मी दर सकाळी “बस, बस, मास्तर, खडू धरायचाय मला!” असं ओरडायचो. ते खूश होऊन म्हणायचे, “हाय, हाय, अजून जीव हाय.” माझ्यात की त्यांच्यात, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

खुर्चीवर ते बसत नसत. खिडकीखाली एक तरट अंथरलेलं असायचं, त्यावर मांडी घालून बसायचे आणि तास झाला की हात कुठंही न टेकता, पायांत पाय अडकवून, सरळ उभे राहायचे. पाण्यातून वर यावं तसे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “जमिनीवरून आपल्या पायांनी उठतो तो माणूस. उचलावं लागतं ते सामान.” नव्या शिक्षकाची हीच परीक्षा. एकदा शिक्षण खात्याचे एक गोल साहेब तपासणीला आले. मास्तरांनी ‘सावधान’ वगैरे सगळं नीट केलं. साहेब खूश होऊन स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, “तुम्ही खाली का बसता?”

“बसून बघा साहेब, लई बरं वाटतं.”

साहेब दिलदार होते, बसले. मास्तर म्हणाले, “आता उठा. हात न लावता.” साहेब एकदा डावीकडे कलले, एकदा उजवीकडे, मग शिपायाकडे बघू लागले. कुणी हसायला धजेना. मास्तरांनीच त्यांना काखेत धरून उभं केलं, पॅन्ट झटकली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “काय नाय साहेब, सामान जड हाय.” हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र इतके हसले की शेरा उत्तम आला.

पोरांसाठी त्यांच्या खिशात फुटाणे असायचे. ड्रिल संपली की सगळ्यांना खाली बसवायचे. जो हात न टेकता उठेल त्याला मूठभर. एखादा जाडा किंवा आजारातून उठलेला पोरगा धडपडत असला की ते त्याच्यासमोर उकिडवे बसून राहायचे, पण आधी द्यायचे नाहीत. “आधी उठायचं, मग खायचं.” पोरगा रडायचा, पुन्हा प्रयत्न करायचा, आणि शेवटी उठायचाच. मग त्याला दोन मुठी. त्यांचं स्वतःचं खाणंही असंच होतं. मधल्या सुट्टीत आधी उठाबशा, मग डबा. डब्यात ज्वारीची भाकरी, भिजवलेली मटकी आणि दोन उकडलेली अंडी. अंडी निघाली की जोशीबुवा खुर्ची फिरवून बसायचे. मास्तर म्हणायचे, “बरं केलं भूगोल, तिकडं उत्तर ध्रुव हाय, थंड वाटंल.”

निवृत्त झाल्यावरही बरीच वर्षं हे असंच चाललं. खडकेश्वराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, मी दोन गल्ल्या सोडून. बायको आधीच गेली होती. मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. सून सिल्लोडकडची, शांत, कामाला वाघ. सत्तरी ओलांडलेले मास्तर पहाटे नळाच्या बादल्या स्वतः भरायचे, जिन्यानं गच्चीवर न्यायचे आणि गल्लीतल्या प्रत्येकाचा पंजा आवळायचे.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या पायांवर सूज आली. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, “किडनी जरा थकलीय. घाबरण्यासारखं नाही. अंडी, डाळी थोड्या बेतानं घ्या, मीठ कमी करा, परत तपासू.” एवढंच म्हणाले. मी तिथं होतो.

घरी आल्यावर मुलानं मला विचारलं, “काका, म्हणजे नेमकं काय करायचं?” मी स्वयंपाकघरातलं चहाचं गाळणं मागवलं. सगळे गोळा झाले. मास्तरही तरटावर बसून पोरासारखे बघत होते. मी गाळणं उजेडात धरलं. “ही किडनी. जाळी जुनी झालीय. हिच्यावर जाड चोथा टाकला तर ती तुंबणार, फाटणार. अंडी, डाळ, उसळ हा चोथा. तो बंद. भात, साबुदाणा, मुगाच्या पाण्याची पातळ खिचडी. जाळीला आराम.” डॉक्टरांनी ‘बेतानं’ म्हटलं होतं, मी ‘बंद’ केलं. उदाहरण इतकं छान जमलं होतं की मला स्वतःलाच त्याचं कौतुक वाटलं. मास्तर म्हणाले, “सायन्स हाय बाबा,” आणि त्या दिवसापासून त्यांनी अंड्याला हात लावला नाही.

दुसरी गोष्ट मी सुचवली नव्हती, पण अडवलीही नाही. आपल्याकडे आजारी म्हाताऱ्याला काम करू दिलं तर ते घर नाव ठेवण्याजोगं ठरतं. सासरा बादली उचलतोय आणि सून बघतेय, हे गल्लीला चालत नाही. मुलानं बादल्या काढून घेतल्या. गच्चीचं दार बंद झालं. सुनेनं तरट धुऊन माळ्यावर टाकलं आणि हातांची प्लास्टिकची खुर्ची आणली, वर मऊ उशी. ताट हातात, पाणी हातात, चपला पायाशी. मास्तर उठू लागले की चारी बाजूंनी आवाज यायचा, “बसा, बसा, आम्ही हाय की.” येणारे-जाणारे म्हणायचे, नशीबवान म्हातारा. मीही म्हणायचो.

पंजा सैल पडला तो त्याच पावसाळ्यात. एका सकाळी त्यांनी माझा हात धरला, आवळला, आणि मला काहीच जाणवलं नाही. ओल्या फडक्यानं धरल्यासारखं वाटलं. ते माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. मी म्हणालो, “बस, बस, मास्तर!” त्यांचा चेहरा फुलला. मला वाटलं, मी दयाळूपणा केला.

पुढच्या तपासणीत क्रिएटिनिनचा आकडा खाली आला. त्याच्या पुढच्यात अजून खाली. आम्ही जिंकत होतो. मी स्वतः प्रयोगशाळेतून रिपोर्ट आणला, येताना गुलमंडीवरून पेढे घेतले आणि घरभर वाटले. मास्तर खुर्चीत होते. घड्याळ मनगटावरून घसरून कोपराकडे गेलं होतं. पायजम्याची नाडी कमरेला दोनदा गुंडाळली होती. पेढा हातात धरून त्यांनी मला विचारलं, “सायन्स, एक इचारू का?”

“विचारा की.”

“आकडा उतरला. मीबी उतरलो. दोघं संगं संगं कसे काय उतरलो?”

मी हसलो. म्हणालो, “वजन कमी झालं की किडनीवरचा भार कमी होतो, मास्तर.” त्यांनी मान डोलावली आणि पेढा खाल्ला. असा प्रश्न आमच्या शाळेत एखाद्या पोरानं विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. उत्तर येत नसतं तर पुस्तक उघडलं असतं. इथं मी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

मग तिथंच त्यांनी भुकेची गोष्ट काढली. त्याआधी त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

“सायन्स, पोट भरतं, पर भूक जात नाय. एखादं अंडं चालंल का? बारकं?”

“मास्तर, इतकं कमावलंय ते घालवायचंय का? हलकं अन्न पचतं चांगलं.”

“मला पचवायचं नाय हो,” ते म्हणाले, “मला उठायचंय.”

खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन ते मला दाखवू लागले. कोपर थरथरले. अर्धे उठले आणि धपकन खाली बसले. आतून सून धावत आली. “मामा, कशाला? मला हाक मारायची ना!” सासऱ्यांना ती मामा म्हणायची. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच बघत राहिले.

दोन-चार दिवसांनी ती एकटी माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली. “काका, मामांना एखादं अंडं देऊ का हो? नायतर डाळ तरी घट्ट करू? दुपारी भिंतीकडं तोंड करून रडतेत. मला आवाज येतो.” ती फारशी शिकलेली नव्हती, म्हणून विचारायला आली होती. मी तिला जे उत्तर दिलं ते तेव्हा मला फार ठाशीव वाटलं होतं. मी म्हणालो, “प्रेमानं मारायचं असेल तर द्या.” वर मी आणखी सांगितलं, “पाय लटपटतात त्यांचे. बाहेर जाऊन काहीबाही खातील, पडतील. दुपारी दाराला कडी लावत जा.” म्हणजे कडीही माझीच.

ती कडी एके दिवशी लावलेली नव्हती. मास्तर पैठण गेटला पोहोचले कसे, हे कोडंच आहे. भिंती धरत, ओट्यांवर बसत गेले असतील. तिथं एक तरुण मुलगा उकडलेल्या अंड्यांची हातगाडी लावायचा. पुढचं मला त्यानं सांगितलं, सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर. तो मास्तरांना रिक्षात घालून घेऊन आला होता आणि गाडी तशीच रस्त्यात टाकून आल्यामुळे कासावीस झाला होता.

“चाचा आए, दो अंडे मांगे. मैं बोला स्टूल पे बैठो. नक्को बोले. नीचेच बैठ गए, फुटपाथ पे, पालथी मार के. मैं छील के दिया, नमक-मिरची लगा के. हाथ में लेके देखते रहे. मैं बोला, खाओ ना चाचा, ठंडा होता. तो बोले, पहले उठता, फिर खाता.”

“मग?”

“मग क्या! उठनाच नहीं हुआ. मैं बोला हाथ देओ. तो ऐसा घूरे मेरे को, मैं डर गया साब. बोले, हात लावू नको. अंडा कागज पे रखे, गाड़ी का डंडा पकड़े, जोर लगाए. गाड़ी के चाक को पत्थर लगाया था, वो सरक गया. गाड़ी चली, चाचा गिरे.” त्यानं मग खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या हातात दिली. “ये उन का है. वैसाच है. एक घास भी नहीं खाए.”

पुडीत दोन सोललेली अंडी होती. मीठ-मिरची तशीच लागलेली. अंड्यांनी मारलं म्हणतात, ते अंडं त्यांनी खाल्लंच नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. मास्तरांना स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना दोन वॉर्डबॉय होते, पण एकच पुरला असता. मला पाहून ते एवढंच म्हणाले, “सामान आलं, सायन्स.”

दुसऱ्या दिवशी किडनीच्या डॉक्टर आल्या. तरुण बाई, सोयगावच्या. त्यांनी चादर बाजूला केली, मास्तरांच्या मांडीभोवती आपला पंजा लावला आणि तसाच ठेवून मला विचारलं, “हे आजोबा काय करायचे?”

“ड्रिलमास्तर होते.”

“मग मांड्या कुठं गेल्या यांच्या?”

मी रिपोर्ट पुढे केले. थोड्या अभिमानानंच. “वजन थोडं उतरलंय मॅडम, पण क्रिएटिनिन बघा किती सुधारलंय.”

त्यांनी रिपोर्ट पाहिले आणि मला बाजूला घेतलं. “सर, तुम्ही शिक्षक ना? घरी चूल होती का लहानपणी?”

“होती.”

“चूल म्हणजे अंगातलं मांस. ते चालतं तेव्हा धूर निघतो, तो धूर म्हणजे हे क्रिएटिनिन. किडनी म्हणजे धुराडं. धुराडं तुंबलं की घरात धूर साचतो, आकडा वाढतो. बरोबर? पण चूलच विझत आली तरी धूर कमी होतो. धुराडं साफ झालं म्हणून नाही. यांची किडनी सुधारलेली नाही, थोडी घसरलीच असेल. चूल विझली म्हणून आकडा खाली आला.”

मी भिंतीला हात लावला.

“थोडं कमी करा, असं कुणीतरी सांगितलं असणार,” त्या म्हणाल्या. “या वयात पूर्ण बंद करायला कुणी सांगितलं? आणि बसवून कुणी ठेवलं? म्हाताऱ्या माणसाचं मांस बसून आधी जातं, उपाशी राहून उरलेलं जातं. किडनीही सांभाळायची आणि मांसही, दोन्हींचा बेत घालायचा असतो.” मग माझ्याकडे नीट पाहून त्या म्हणाल्या, “आता द्या त्यांना. अंडं, डाळ, जेवढं घेतील तेवढं. पण उशीर झालाय, सर.”

बाहेर बाकावर मुलगा बसला होता. लगेच उठला. “काय म्हणाल्या मॅडम, काका?”

ते उत्तर द्यायला किती सोपं होतं. चूल, धूर, धुराडं. गाळण्यापेक्षा चांगलं उदाहरण होतं ते. मी म्हणालो, “वयाचं आहे म्हणाल्या.”

सून जिन्यात उभी होती. तिनं मला एकट्याला गाठून सांगितलं, “काका, कडी मी इसरले नव्हते. मुद्दाम काढली होती. सकाळी मामा नुसतं म्हणले, पोरी, जाऊन येऊ का? मी काय नाय बोलले. पोळ्या करत ऱ्हायले. पर दुपारी कडी काढली.” आणि तोंडात पदर कोंबून ती रडू लागली. “तुम्ही म्हणला होतात ना, प्रेमानं मारायचं असंल तर. तसंच झालं.”

त्या क्षणी तिला खरं सांगायला हवं होतं. नाही, तुम्ही एकटीनंच बरोबर केलंत. त्या घरात त्यांना सामान न समजणारी तुम्ही एकटीच होतात. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “जाऊ द्या. झालं ते झालं.” जणू तिला माफ करत होतो. पुढं शोकसभेत ‘मुद्दाम’चं ‘विसरली’ मीच केलं. मला वाटलं, तेवढ्यानं तिचा दोष हलका होईल. दोष तिचा नव्हताच, हे सांगायची हिंमत नव्हती. नातेवाइकांनी तिला त्यावरून काय काय ऐकवलं ते मला ठाऊक आहे. दिवाळीला तिच्या हातचा फराळ मी दरवर्षी खात आलो.

सूनबाई, आता तरी वाचा. तुम्ही कडी काढलीत म्हणून ते गेले नाहीत. ती मी लावायला सांगितली, त्याच्या कितीतरी आधीपासून ते जात होते. आणि ते रोज थोडे थोडे जात असताना मी पेढे वाटत होतो.

डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून त्यांच्यासाठी अंडं येऊ लागलं. सून घरून उकडून आणायची, बारीक कुस्करायची, चमच्यानं ओठांशी न्यायची. मास्तर तोंड फिरवायचे. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, चव गेली असेल. तिनं खूप विनवलं. “मामा, घ्या ना. डॉक्टरबाईंनीच सांगितलंय. काका बी हो म्हणतेत.”

मास्तर छताकडे बघत म्हणाले, “आधी उठायचं.”

“उठाल मामा, खाल्लं की उठाल.”

“नाय. आधी उठायचं, मंग खायचं.”

पोरांना रडेपर्यंत बसवून ठेवणारा तो नियम त्यांनी स्वतःला माफ केला नाही. औषधाच्या पाण्यावर आणि दोन घोट दुधावर ते काही दिवस राहिले. मग छातीत कफ भरला. पाठीला जखमा झाल्या. अंगावर जखम व्हायला तरी मांस कुठं होतं, कोण जाणे.

शेवटचा मी गेलो तेव्हा संध्याकाळ होती. मुलगा पाळीवर होता, सून डबा धुवायला नळावर गेली होती. मास्तरांचे डोळे उघडे होते. मला पाहून त्यांनी चादरीखालून हात काढला. पंजा. मी माझा हात त्यात दिला. बोटं हळूहळू मिटली. त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली, ओठ आवळले गेले. ते सगळा जीव त्या हातात ओतत होते. मला फक्त त्यांच्या हाडांचा गारवा लागत होता. ते वाट पाहत होते.

मी ओरडलो, “बस, बस, मास्तर! हाड मोडाल माझं!”

त्यांनी आवळणं थांबवलं. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. पेढ्याच्या दिवशी बघितलं होतं तसं.

मग त्यांनी मला हाक मारली. सायन्स नाही. माझ्या नावानं, वडिलांनी ठेवलेल्या नावानं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ते त्यांना पाठ होतं.

“जा आता घरी,” ते म्हणाले, आणि हात काढून घेतला.